सीतादहीचा कापूस

जानेफळच्या शालिग्रामची बायको सुभद्रा मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून परतली, तेव्हा शेतात कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागली होती. कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला होता, वरून विजेचे शेकही दिले होते. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, आणि अशा आजाराचं नावही गावात कुणी मोठ्यानं घेत नसे. बाया भेटायला यायच्या, तोंडाकडं बघून बोलायच्या आणि नजर मात्र पदरावर. एकीनं चहाचा कप हातातच धरून ठेवला, तर सुभद्रा हसून म्हणाली, "पी व बाई, चहातून नाही लागत हे." सुभद्राचं काळीजच तसं होतं. रडगाणं तिला ठाऊक नव्हतं.

पण एक दुखणं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. शालिग्रामनं आपली बाज ओसरीत नेली होती. दवाखान्यात हात कसा उचलायचा, काय खायचं, सगळं शिकवलं. नवराबायकोनं पुन्हा जवळ यावं की नाही, हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची लाज हिला वाटली. डावी बाजू बधिर झाली होती, चिमटा काढला तरी कळत नसे. बाकीची सुभद्रा मात्र जिवंत होती. तिला नवरा हवा होता. आता यात लाजायचं काय आहे? भूक आहे ती, पोटाची काय आणि अंगाची काय. त्यानं आपल्याला बाई म्हणणं सोडलं की काय, याच धास्तीनं ती आतून खंगत होती.

बोंडं फुटली. वेचणीआधी त्यांच्या घरी सीतादही व्हायची. बांधावर खडे मांडून हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, आणि घरच्या बाईनं पहिला कापूस ओटीत वेचायचा. तो विकायचा नाही, अंगाला लावायचा नाही. त्याच्या वाती देवापुढं जाळायच्या. सुभद्रानं सगळं रीतीनं केलं. तेवढ्यात वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावरून येताना दिसल्या. चोळी डावीकडं ढिली लोंबत होती. तिनं मागचापुढचा विचार न करता ओटीतला कापूस चोळीत कोंबला आणि ताठ मानेनं त्यांच्यापुढं उभी राहिली.

घरी येऊन तिनं त्यातली सरकी काढली, जुन्या धोतराची थैली शिवली आणि कापूस तिच्यात भरला. वातींचं उद्या बघू म्हणाली. उद्या काही उजाडला नाही.

थैली ऊबदार असायची. अंगाची ऊब, दुसरं काय, असं तिला वाटलं. पण आंघोळीआधी काढून दगडी कोनाड्यात ठेवलेली थैली आंघोळीनंतरही तशीच ऊन लागायची. मग एका सकाळी थैलीवर खळगा दिसला. कुणीतरी तळहात दाबून ठेवावा तसा, पाची बोटांसकट. सुभद्रानं आपला हात त्यावर ठेवून पाहिला. तिची बोटं लांब होती, खळग्यातली आखूड.

भुताखेतांना भिणारी ती नव्हती. तिनं थैली झटकली, कापूस फुलवला आणि कामाला लागली. दुपारी भाकर थापताना तिला डावीकडं हात जाणवला. बधिर जागेवर. खरबरीत, कष्टाचा हात. घरात दुसरं कुणी नव्हतं. भाकर तव्यावर करपली.

तिनं चुलतसासूला, जनकाबाईला सांगितलं. म्हातारीनं आधी चांगलं फैलावर घेतलं. सीतामायचा कापूस अंगाला लावते म्हणजे काय! आण इकडं, मी वाती वळते म्हणाली. थैली उसवून तिनं पेळू ओढला, मांडीवर घेतला, आणि थांबली. कापूस परत आत भरला. पदराला हात पुसत राहिली, बराच वेळ.

"काय झालं?"

"याच्या वाती नाही होत व," जनकाबाई म्हणाली. "जितं जाळाव का कोणी?"

आणि थैली तिनं सुभद्राकडं सरकवली.

बाजाराच्या दिवशी गावातली माणसं मेहकरला गेली. शालिग्राम शेतातल्या खोपीत कापूस रचत होता. सुभद्रा भाकर घेऊन गेली. त्याचं जेवण झाल्यावर तिनं खोपीच्या दाराचं ताटवं ओढून घेतलं, थैली काढून बाजूला ठेवली आणि चोळीची गाठ सोडली. उघड्या दुपारी, फटींतून येणाऱ्या उन्हात. असं धाडस कुणाला जमतं?

"पाहा," ती म्हणाली. "पाहून घ्या एकदा. मग ओसरीतच निजाचं असन तर निजा."

शालिग्रामनं पाहिलं. काखेपर्यंत गेलेला व्रण, शेकानं काळवंडलेली कातडी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मले किळस नाही व. मले भेव वाटते, तुले दुखन."

"दुखत नाही. मी अजून हाओच ना?"

त्यानं हात पुढं केला. मध्येच थांबला. मग तळहात व्रणावर टेकवला, अगदी हलका.

सुभद्रानं त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. त्यानं तिच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले.

बाहेर पऱ्हाटीत वारा नव्हता.

"इतका नोको दाबू माहा हात," तो हळूच म्हणाला. "आता नाही काढत मी."

सुभद्रानं बाजूला ठेवलेल्या थैलीकडं पाहिलं.

"हाव," ती म्हणाली, आणि त्याच्या गळ्यातले आपले दोन्ही हात तिनं आणखी घट्ट केले.