सिग्रिडच्या दोन फळ्या

फाटकाशी लाल पिकअप थांबली, तेव्हा सिग्रिड पायऱ्यांवर बसून वाटच पाहत होती. गवत कापायचा बाबांचा छोटा ट्रॅक्टर विकत घ्यायला नऊ वाजता कुणीतरी येणार होतं.

"आलात? या ना! मागे आहे तो."

गाडीतून उतरलेला उंच मुलगा गोंधळला. हातातला कागद त्याने पुढे केला, मग... खिशात टाकला.

"मागे... हो. बरं."

त्याचं नाव एमेट. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावच्या शाळेत तो नुकताच संगीत शिकवायला आला होता. ट्रॅक्टरकडे त्याने धड पाहिलंच नाही. सिग्रिडचं बोलणं मात्र मन लावून ऐकलं. बाबांचे गुडघे थकले होते, ते आत्याकडे ॲरिझोनाला राहायला गेले होते. जाताना एवढंच म्हणाले, चालवणाऱ्यालाच दे, कुठे गंजत पडायला नको.

"तुम्ही चालवाल ना?"

"चा—चालवीन की!"

"आणि गाडीत चढवणार कसा? फळ्या कुठायत?"

"फळ्या?"

सिग्रिडने कपाळावर हात मारला आणि शेडमधून स्वतःच्या दोन लोखंडी फळ्या ओढत आणून गाडीच्या मागे उतरत्या टेकवल्या.

"आधी हँडब्रेक लावा. आता फळ्यांच्या या साखळ्या गाडीला अडकवा. नाहीतर चाकाच्या धक्क्याने फळी निसटते, आणि ट्रॅक्टर अंगावर येतो."

एवढ्यात पावसाची सर आली. फळ्या चिंब झाल्या.

"आता वाळेपर्यंत थांबायचं. ओल्या फळीवर चाक घसरतं."

मग ओसरीत बसून दोघांनी रूबार्बच्या आंबटगोड देठांचं सारण भरून भाजलेली पाई खाल्ली. एमेटने दोनदा वाढून घेतली.

ऊन पडल्यावर तो ट्रॅक्टरवर बसला. पातं वर उचललेलं, हळू गिअर, आणि उलटा... सरळ चढवला तर नाक हवेत जातं, असं तिने बजावलं होतं. अर्ध्या फळीवर त्याने मान वळवली.

"माझ्याकडे काय बघतोस? फळीकडे बघ!"

वर पोचल्यावर तो हसला. "एकदम 'तू'?"

"फळीवर 'अहो-जाहो'ला वेळ नसतो," सिग्रिड म्हणाली. पण कान लाल झालेच. तिने ट्रॅक्टर चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळला आणि उरलेल्या टोकांच्या, बाबांसारख्याच, घट्ट वेण्या घातल्या. "फळ्या शनिवारी परत आण."

चेक लिहून देऊन तो गेला. तासाभराने एक टक्कल पडलेले गृहस्थ आले. "उशीर झाला हं! ट्रॅक्टर कुठाय?"

सिग्रिड बघतच राहिली. मग तो... कोण होता? कागद कसला होता? आठवडाभर तिला काही उमजेना. आणि शनिवार इतका लांब का वाटतोय, हे तर मुळीच उमजेना.

शनिवारी लाल पिकअप आली. मागे ट्रॅक्टर तसाच. पट्ट्यांच्या वेण्यासुद्धा तिच्याच.

"तू हा उतरवलाच नाहीस!"

"उतरवू कुठे? मी औषधाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. खिडकीत एक कुंडी आहे... पुदिन्याची."

"मग घेतलास कशाला? थट्टा वाटली? बाबांना मी सांगून बसलेय, चालवणाऱ्याला दिला म्हणून!"

एमेटने कागद काढला. त्यावर हाल्वरसनबाईंचा पत्ता होता.

"त्यांचा पियानो सुरात लावायला निघालो होतो. इथे फक्त रस्ता विचारायला थांबलो. तू 'आलात?' म्हणालीस... माझी इतकी वाट पाहिल्यासारखं कुणी कधी म्हटलंच नव्हतं गं. मग 'मी तो नव्हे' म्हणवेना."

सिग्रिडने अंगणाकडे पाहिलं. आठवड्यात अंगणातलं गवत घोट्यापर्यंत आलं होतं.

"चालवतो की," तो हळूच म्हणाला. "दर शनिवारी. इथेच... चालेल?"

फळ्या गाडीतून ओढून तिने मागे लावल्या, साखळ्या अडकवल्या, दोनदा खेचून पाहिल्या. मग फळीवर हात फिरवला.

"ओल्या आहेत," ती म्हणाली. "थांबावं लागेल."

एमेटने वर पाहिलं. आभाळ निरभ्र. "अगं, चार दिवसांत थेंब नाही पडला!"

"फळ्यांतलं तुला जास्त कळतं का मला?" असं म्हणून ती पाई कापायला आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं होतं.