लिंबाची गोळी

"गोळीवाला म्हणजे माझे वडील," ती बाई म्हणाली आणि मास्तरांच्या हातातलं पेन थांबलं.

ताईंच्या कचेरीत अशिलानं तोंड उघडलं, की मास्तरांनी लिहून घ्यायचं असा शिरस्ता होता. ताईंनी पंचवीस वर्षं विमा कंपनीत राहून लोकांनी मुद्दाम लावलेल्या आगी पकडल्या होत्या. आता त्या खासगी तपास करत. मास्तर शाळा सुटली की मदतीला येत. आपलं अक्षर मोत्यासारखं आहे आणि डोकं बैलगाडीसारखं, असं ते स्वतःच हसून सांगत. आज मात्र त्यांना हसू आलं नाही.

"पस्तीस वर्षं झाली," बाई सांगत होती. "लिंबाची गोळी खाऊन गल्लीतली सात वर्षांची मुलगी गेली. गोळीवर उंदराचं औषध निघालं. वडिलांनी नऊ वर्षं तुरुंगात काढली. आता ते इस्पितळात आहेत. डॉक्टरांनी हात टेकलेत, फार तर दोन-चार दिवस म्हणतात. विषारी गोळीवाला म्हणून त्यांना मरू द्यायचं नाहीये मला."

"शिक्षा कशावरून झाली?" ताईंनी विचारलं.

"मुलीच्या भावाच्या साक्षीवरून. आठ वर्षांचं पोर. कोर्टात बाकावर उभं करून विचारलं, तर म्हणालं, यांनीच बरणीतून काढून दिली."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "तो भाऊ मी."

बाई ताडकन उठली. ताईंनी तिला हाताला धरून पुन्हा बसवलं.

"मी खोटं बोललो नाही," मास्तर म्हणाले. "अजून जसंच्या तसं दिसतं मला."

"मग दिसतं तसं सांगा. काही गाळू नका."

मास्तर सांगू लागले. बोळासारखं अरुंद दुकान, एकच दार, समोर लाकडी फळी आणि फळीमागे रंगीत बरण्यांची रांग. एकदा गोळीवालेकाकांनी त्यांना फळीच्या आत घेतलं होतं. चिकट झालेल्या गोळ्या चाळणीत घालून त्यावर पिठीसाखर भुरभुरायची, मग चाळण हलवायची, की गोळी सुटी होते, हे त्यांना दाखवलं होतं. त्या दिवसापासून घरी एकच खेळ सुरू झाला. मास्तर दुकानदार, धाकटी बहीण चिमणी गिऱ्हाईक. खाऊच्या गोळ्या पोटाला चिमटा काढून साठवायच्या आणि आईचा पाट फळी म्हणून मांडून विकायच्या. दुकानदारानं आपला माल खायचा नसतो, हा काकांचा नियमही ते इमानानं पाळत. तेवढं सुख त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही.

"आणि त्या दिवशी?"

"मी दुकानाच्या दारात, पायरीवर होतो. चिमणी पुढे फळीशी. हनुवटी वर केलेली, तळहात पुढे, ओठांवरून जीभ फिरवत होती. डोळे नुसते चमकत होते. तेवढ्यात पिवळी गोळी तिच्या हातावर पडली."

"हे होणारच नाही," बाई म्हणाली. "चार दिवस पावसाची झड होती. तसल्या हवेत वडील बरण्यांची झाकणं उघडतच नसत. गोळीला पाणी सुटतं. कागदात गुंडाळलेली चॉकलेटं तेवढी विकायचे. कोर्टात बोंबलून सांगितलं त्यांनी."

तिनं पिवळा पडलेला पंचनामा पुढे केला. बरणीतल्या गोळ्या सुट्या व कोरड्या, विष नाही. मुलीच्या मुठीतली अर्धी गोळी चिकट, वर पांढरी पूड. विष त्या पुडीत, गोळीच्या आत नाही. दुकानात उंदराच्या औषधाची एक पुडी.

ताईंनी तो कागद दोनदा वाचला.

गल्लीतला म्हातारा औषधवाला अजून आपल्या दुकानात बसत होता. मास्तरांना घेऊन ताई तिथं गेल्या, तेव्हा तो हात झटकून म्हणाला, "पुडी सापडली त्यात काय नवल? बिळांत पाणी शिरलं होतं, उंदीर घराघरात. सगळी गल्ली पुड्या घेऊन गेली. पांढरी भुकटी, साध्या कागदात. नावबिव कोण लिहितो तेव्हा? यांच्या आईपण घेऊन गेल्या होत्या की."

शेवटी ताई मास्तरांच्या घरी गेल्या. आई पलंगावर बसून होती. मास्तरांनी तिच्या पाठीशी उशी सरकवली.

"आजी, त्या पावसात मुलं कुठं कुठं हुंदडत होती हो?" ताईंनी सहज विचारलं.

"हुंदडतायत कसली!" आई फणकारली. "चिमणीची छाती नाजूक. चार दिवस उंबरठा ओलांडू दिला नव्हता मी कुणाला. आई म्हणून कुठं कमी पडले नाही मी."

मास्तरांनी मान डोलावली. ताईंनी मात्र पंचनाम्याचा कागद पुन्हा उघडला. त्या म्हणाल्या, "मास्तर, बसा. काखेत कळसा नि गावाला वळसा झालाय आपला."

मास्तर बसले.

"बरणीतली गोळी कोरडी, मुठीतली चिकट. म्हणजे ती त्या बरणीतून त्या दिवशी आलेली नाही. चार दिवस दमट हवेत उघडी पडलेली गोळी होती ती. आणि आजी आत्ताच म्हणाल्या, मुलं घराबाहेर पडलीच नाहीत. मग गोळी घरातलीच. घरात गोळ्या कोण साठवायचं?"

"आम्ही... खेळायला."

"चिकट गोळीवर पांढरी पूड भुरभुरायची असते, हे घरात कुणाला ठाऊक होतं?"

"मला," मास्तर म्हणाले.

"तुम्ही दारात होतात म्हणता. दुकान अरुंद, गिऱ्हाईक फळीकडे तोंड करून उभं. दारातून तुम्हाला तिची पाठ दिसली असती, वेणी दिसली असती. तुम्हाला आठवतो तो तिचा चेहरा. तो चेहरा फळीच्या आतल्या माणसालाच दिसतो, मास्तर. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला दिसतं ते सगळं खरं आहे. फक्त ते दुकान तुमच्या स्वयंपाकघरातलं होतं."

मास्तरांनी आईकडे पाहिलं. तिनं नाही म्हणावं म्हणून ते वाट बघत राहिले.

"पिठीसाखर समजून घेतली होतीस तू पुडी," आई अखेर म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मी आले तर चाळण तुझ्या हातात, आणि ती ओकत होती. एक गेली होती. दुसऱ्याला जन्मभर खुनी म्हणवून घ्यायला लावू? मग रोज निजताना घोकून घेतलं तुझ्याकडून, दुकानात, बरणीतून, काकांनी. महिन्याभरानं तू मलाच तसं सांगायला लागलास. वाटलं, सुटलास."

"आणि काका?"

"त्यांचा विचार करायची ताकद नव्हती माझ्यात," आई म्हणाली. मास्तरांना तिचा राग आला, दयाही आली, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला ते इस्पितळात गेले. लांबलचक खोलीत वीसेक खाटा होत्या, भोवती नातेवाईक बसलेले. गोळीवाला कडेच्या खाटेवर होता, आकसून एवढासा झालेला. मुलगी उशाशी होती.

मास्तर वाकून कानाशी पुटपुटले, "काका, ती पूड मी घातली होती. तुम्ही नाही."

"असं कानात नाही," मुलगी म्हणाली. "तेव्हा भर कोर्टात सांगितलंत. उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

मास्तर उभे राहिले. चाळीस मुलांच्या वर्गाला पुरणारा त्यांचा आवाज दोन खाटांपलीकडे गेला नाही. "माझ्या बहिणीला विषाची गोळी मी दिली. यांनी दिली नाही." शेजारच्या खाटांवरची बोलणी थांबली.

"आणखी मोठ्यानं."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते हुंदके देऊ लागले, आणि अख्खी खोली त्यांच्याकडे बघत राहिली.

चादरीखालून म्हाताऱ्याचा हात वर आला. त्यानं मुलीचा पदर ओढला.

"पुरे गं," तो म्हणाला. "लहान आहे तो. घरी जाऊ दे त्याला."