भिंतीवरच्या डब्यातला हुकूम

नेनिता दारात आली तेव्हा भट्टीघराच्या चाव्या तिने मुठीत घट्ट आवळल्या होत्या.

"सोलेदाद मानांग, ताई, आज संध्याकाळी ह्या चाव्या काढून घेणार. मरायच्या दिवशी मालकीणबाईंनी, डोन्या तेओफिलांनी, म्हणे निरोप ठेवला, माझ्यावर भरवसा नाही म्हणून. इलोइलोत मला आता कोण कामावर ठेवील?"

सोलेदाद पाल्मारेसने पायात चपला सरकवल्या. गुप्तहेरीवर पोट भरणारी ही बाई मूर्खांशी फार बोलत नसे. दीर बेनितो तेवढा अपवाद, कारण गाडी तो चालवायचा.

बिस्कोचोच्या, म्हणजे खरपूस भाजलेल्या गोड पावाच्या, कारखान्यात ऑफिसच्या भिंतीवर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. मॅनेजर पेर्लाने नवा जावई दाखवावा तसं ते दाखवलं.

"प्रत्येकाचा वेगळा कप्पा, वेगळा गुप्त आकडा. चिठ्ठ्या हरवणं बंद. कुठल्याही फोनवरून निरोप ठेवा, ऐका, आपल्याला आलेला दुसऱ्याच्या कप्प्यात धाडा. कप्प्यात कधी पडला, ते यंत्रच सांगतं. माणूस खोटं बोलेल, हे नाही."

"भातही शिजवतं का?" सोलेदादने विचारलं.

पेर्लाने ओठ मुडपून बटण दाबलं. यंत्राने सांगितलं, गुड फ्रायडे, दुपार. मग म्हातारीचा खरखरीत आवाज आला: "भट्टीच्या चाव्या तिच्याकडून घे. माझा भरवसा उडालाय. आजच काढ तिला." मागे चर्चची घंटा घणघणत होती.

"आवाज डोन्यांचाच," बेनितो म्हणाला. "त्यांच्या घराला चर्च लागूनच ना, घंटासुद्धा किती स्वच्छ येते."

"कान शाबूत आहेत तुमचे, भावजी. तेवढे तरी."

डोन्यांचा भाचा आणि वारस एदगार्दो खुर्चीत पसरला होता. निरोप त्याच्याच कप्प्यात पडला होता.

"मला कुठे जमतंय ते यंत्र? पेर्लाने ऐकवलं. शुक्रवारी दिवसभर मी मिरवणुकीत लाकडी खटखटा वाजवत होतो. हे बघा, मनगट सुजलंय."

"आता भट्टी तुम्ही चालवणार?" सोलेदादने विचारलं.

"छे, पिठाने मला शिंका येतात. पेर्ला बघेल सगळं."

पेर्ला म्हणे शुक्रवारी घरी जपमाळ ओढत होती. "नोकरांना काढणं माझ्याकडे. डोन्या ते मलाच सांगायच्या. नेनिताच्या आधी चाव्या होत्या त्या बाईलाही मीच काढलं. तो हुकूमही ह्याच यंत्रावर आला होता."

सोलेदादने सगळ्यांना यंत्रासमोर उभं केलं.

"गुड फ्रायडेला चर्चची घंटा कोणी वाजवली?"

बेनितोने डोकं खाजवलं. "कोणी नाही. गुरुवारी बंद होते ती थेट शनिवारी रात्री वाजते. मधे नुसता लाकडी खटखटा." मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मिटा ते, भावजी. जन्मभर गुडघे टेकलेली माणसं तुम्ही. डब्याने तारीख सांगितली की देवाची रीत विसरता. निरोप त्या दिवशी बोललेलाच नाही; त्या दिवशी फक्त कप्प्यात पडला. त्यात नेनिताचं नाव ऐकलंत कोणी? डोन्या बोलल्या आधीच्या बाईबद्दल, आणि तेही नोकर काढणाऱ्या ह्या पेर्लाच्या कप्प्यात. तिने तो जपून ठेवला. मालकीण शेवटचे श्वास घेत होती तेव्हा हिने घरून फोन फिरवला आणि जुना निरोप भाच्याकडे ढकलला. यंत्राने त्यावर नवी तारीख चिकटवली. भट्टी ह्याच्या नावाने, राज्य हिचं."

"भलतंच," पेर्ला म्हणाली. "माझा कप्पा उघडून बघा. तो निरोप मी केव्हाच पुसलाय."

"म्हणजे होता तर तो तुमच्याच कप्प्यात. पुसलात कधी? शुक्रवारच्या आधी, की नंतर?"

पेर्ला यंत्र आणि सोलेदाद यांच्या मधे जाऊन उभी राहिली. एदगार्दोने पहिल्यांदाच खुर्चीत पाठ सरळ केली.

"मला वाटलं, मावशीच बोलली," तो पुटपुटला.

"मावशी बोलायच्या तेव्हा तुम्ही झोपलेले असायचात," सोलेदाद म्हणाली.

तो उठला, नेनितासमोर उभा राहिला, माफीचे शब्द शोधू लागला. नेनिताने चाव्या कमरेला बांधल्या.

"वाट सोडा, साहेब. आत पीठ फुगून आलंय."