दोन पावलं मागे

हे माझ्याच बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, रचलेलं तर मुळीच नाही. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. मोजल्याशिवाय माझा स्वतःच्या कानांवरही विश्वास बसत नाही. म्हणून जेवढं घडलं तेवढंच लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात, मेडले रिलेच्या अंतिम शर्यतीची आदली संध्याकाळ. क्लबचं मैदान रिकामं झालं होतं. उरलो होतो फक्त मी आणि ताई.

मेडले रिलेत चौघी धावतात, पण सारखं अंतर नाही. शंभर, दोनशे, तीनशे, चारशे मीटर. दोनशे माझे, तीनशे ताईचे. वळण संपतं तिथे मी तिला बॅटन द्यायचं.

घेणारी मागे बघत धावत नाही. ट्रॅकवर एक चिकटपट्टी लावलेली असते. मी पट्टीवर आले की ताई सुटणार, मी "हात!" म्हणून ओरडले की हात मागे करणार. पट्टी कुठे लावायची ते घेणारीच आपल्या पावलांनी मोजून ठरवते. ती फार मागे लावली, तर घेणारी लवकर सुटते आणि दमलेली देणारी तिला गाठूच शकत नाही.

बघणाऱ्यांना वाटतं, देणारीच कमी पडली.

त्या वर्षी वरच्या संघात आमच्यातली एकच जाणार होती. मी किंवा ताई. सरांनी बजावलं होतं, बॅटन चुकवणारीचा पत्ता कट.

आणि त्या संध्याकाळी मी ताईला एकदाही गाठू शकले नाही.

"शेंडेफळ, शेवटी तुझी हवाच जाते," ताई हसली. "डोकं कमी पळव, पाय पळव."

"पट्टी जास्त मागे आहे का गं?"

"माझ्यावर संशय? सायकल कुणी शिकवली तुला?"

मी ओशाळले. गुडघ्यांवर हात टेकून तिच्या शेजारी श्वास घेत उभी राहिले.

तेवढ्यात...

वळणावर पावलं वाजली.

स्पाइक्सची, खिळ्यांच्या बुटांची. चर्र... चर्र... चर्र...

वळण अख्खं दिसत होतं. उजेडही होता.

कुणीच नव्हतं.

मी सवयीने लक्ष देऊन ऐकू लागले. दोन पावलांमधला वेळ वाढत चालला होता. दोनशेच्या शेवटी पाय जड होतात ना, अगदी तसा. आणि धाप... एखाद्या मुलीची.

आवाज पट्टीपर्यंत आला.

थांबला.

मग अगदी जवळून, दमलेल्या आवाजात...

"हात..."

ताईचा हात आपोआप मागे गेला. तळवा उघडा.

त्यात कुणीच काही ठेवलं नाही.

"दोनच पावलं सरकवली होती गं, भिंगरी..." ताई हुंदके देत म्हणाली. "दोनच!"



भिंगरी म्हणजे माझ्याआधी दोनशे धावणारी मुलगी. ताईची जिवलग मैत्रीण. अशाच एका अंतिम शर्यतीत तिचं बॅटन ताईपर्यंत पोचलं नव्हतं. सगळा दोष तिच्यावर आला, संघातून काढलं. त्याच वर्षी ती तापाने गेली. तेव्हा ताईने अन्न सोडलं होतं. मी तिला घास भरवले होते. मला वाटलं, मैत्रिणीचं दुःख आहे.

"ताई... आणि माझी पट्टी?"

ती पट्टीपाशी गेली, खाली वाकली, पट्टी उखडली आणि पुढे आणून लावली.

हेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी, शर्यतीआधी, तिने माझ्यासमोर मोठ्याने पावलं मोजली. पट्टी मी स्वतः टाचेने दाबून घट्ट बसवली. मग माझ्या जागेवर गेले.

मला बॅटन मिळालं तेव्हा आम्ही पुढे होतो. मी जीव तोडून धावले.

वळणावर शेजारून आवाज आला...

चर्र... चर्र...

पट्टी अजून पुढे होती, निदान मला तसं वाटत होतं... आणि ताई सुटली.

"हात!"

तिचा हात मागे आला. बॅटन आणि तळवा यांच्यात वीतभर हवा होती. ती शेवटपर्यंत तेवढीच राहिली. बॅटन द्यायची हद्द संपली आणि आम्ही बाद झालो.

मी परत जाऊन पाहिलं. पट्टी दोन पावलं मागे होती. कुठेही चुरगळलेली नव्हती. जिथे मी ती दाबली होती, तिथे चिकटल्याची साधी खूणही नव्हती.

"मी हात लावला नाही, तुझी शपथ," ताई म्हणाली.

"पट्टीला काय पाय फुटतात?" सर माझ्यावरच खेकसले.

वरच्या संघात ताई गेली. तिथून ती रोज फोन करते. मी उचलत नाही.

ती खोटं बोलत असेल, तर तिने मलाही फसवलं. हे मी कसंबसं गिळेन.

पण ती खरं बोलत असेल तर...

तर भिंगरीला ताईचा सूड घ्यायचाच नव्हता. तिला त्या वळणावर स्वतःसारखीच आणखी एक हवी होती.