तुळशीमागचा चार एप्रिल

शेजारच्या घरी रंगकाम चाललं होतं, आणि आजकालच्या पद्धतीप्रमाणे ते मुकाट्याने चाललं होतं. दोघा रंगाऱ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती आणि खुणा करूनच बादली इकडची तिकडे होत होती. घरची मंडळी बाहेर हिरवळीवर खुर्च्या टाकून बसली होती. रंग वाळेपर्यंत आत जायचं नाही, गेलंच तर गोड बोलायचं, असा रिवाज आता सगळ्या अमेरिकेत पडला होता. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी नवरा-बायको त्या दोन-तीन तासांत एकमेकांना लाडाने हाका मारत. अच्युतराव पारसनीस खिडकीतून ही गंमत बघत होते. त्र्याऐंशीव्या वर्षी, वॉशिंग्टन शहरातल्या त्या जुन्या विटांच्या घरात एकटं राहणाऱ्या माणसाला बघण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

या सगळ्याला कारण झाला होता एक शोध. खोलीत कोणी बोललं की भिंत अगदी किंचित थरथरते. भिंतीवरचा रंग ओला असेल तर त्या थरथरीबरोबर रंगाचे बारीक कण सरकतात, आणि रंग वाळला की आहेत तिथेच घट्ट बसतात. कणकेवर बोटाचा ठसा उमटावा, इतकी साधी ही गोष्ट. तो ठसा वाचणारं यंत्र निघालं आणि या विद्येला थरश्रवण असं नाव पडलं. मग संग्रहालयांची झुंबड उडाली. डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्षांवर गोळ्या झाडल्या गेल्या तो दिवस, माणूस चंद्रावर उतरला तो दिवस, न्यूयॉर्कचे जोडमनोरे कोसळले तो दिवस. देशाने कूस बदलली त्या दर दिवशी कुठल्या ना कुठल्या घरात कोणीतरी भिंत रंगवत होतंच. भाषणं सगळ्यांनी ऐकलेली होती. त्या दिवशी माणसं आपल्या घरात काय बोलली, ते आता कुठे ऐकू येऊ लागलं होतं.

अच्युतरावांना देशाच्या इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना शरयूताईंचा एक दिवस हवा होता.

तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या आवाजाची वाण नव्हती. वाढदिवस, सहली, नातवंडांची बारशी, सगळं मुलाने टिपून ठेवलेलं होतं. पण त्या प्रत्येक चित्रफितीत शरयूताई कोणाकडे तरी बघून हसत होत्या. कराडच्या शाळेत शिकवताना वर्ग गाजवणारी ही बाई लग्न करून इथे आली आणि घरात बसली. अच्युतराव सकाळी सातला जात, संध्याकाळी सातला येत. "कसा गेला दिवस?" "छान गेला." एवढ्यावर संसार झाला. मधल्या बारा तासांत ही बाई काय करत असेल, रडत असेल का, हे त्यांच्या मनातही आलं नाही. आता स्वतः त्याच घरात सकाळचे सात ते संध्याकाळचे सात काढताना रोज मनात येई.

बैठकीच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीशी तुळशीची कुंडी होती. बाहेर थंडीत तुळस जगत नाही म्हणून ती कायमची आतच असे. शरयूताई तिला पाणी घालताना तिच्याशी बोलत. अच्युतरावांची चाहूल लागली की गप्प होत. दोन हजार आठच्या नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न जवळ आलं म्हणून, त्यांनी एकटीने कुंडीमागची भिंत रंगवली होती. दिवस पक्का लक्षात होता, कारण त्याच मंगळवारी देशाने पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीय माणसाला राष्ट्राध्यक्ष निवडलं. अच्युतराव कचेरीतून परस्पर मतदानाच्या रांगेत गेले होते. घरी आले तेव्हा शरयूताईंच्या केसांना निळा रंग लागला होता. दिवस छान गेला, असं त्या म्हणाल्या.

त्या दिवशी दिवसभर ती तुळशीशी बोललीच असणार. ते बोलणं भिंतीत होतं. अच्युतरावांनी संग्रहालयाला फोन केला.

मातेओ नावाचा तरुण तंत्रज्ञ येऊन भिंतीची वरवरची चाचणी करून गेला. परत आला तो एका बाईंना घेऊनच. सत्तरीच्या, उंच, ताठ. कोट न काढताच त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"या अर्लीन टिबेट," मातेओ म्हणाला. "घराच्या जुन्या नोंदींवरून शोधलं यांना. यांचा जन्म या घरातला."

"बरं," अच्युतराव म्हणाले. "चहा घेणार?"

"आधी ऐकून घ्या, मिस्टर पारसनीस. मग वाटलं तर चहा द्या," अर्लीनबाई म्हणाल्या.

मातेओने सांगितलं ते असं. निळ्या थराखाली आणखी एक थर होता, एकोणीसशे अडुसष्टच्या वसंतातला. मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्याचा खून झाला, त्या चार एप्रिलच्या संध्याकाळी अर्लीनबाईंचे वडील, क्लेटन टिबेट, ही भिंत रंगवत होते. ते टपाल वाटत. बायको रुग्णालयात रात्रपाळीला गेलेली, चार महिन्यांची अर्लीन पाळण्यात. बातमी आली, शहर पेटलं. दुसऱ्या दिवशी भावाचं दुकान वाचवायला क्लेटन गेले आणि त्या आगीतून परत आले नाहीत.

"आई नेहमी सांगायची, ही भिंत त्याने त्या संध्याकाळी पुरी केली," अर्लीनबाई म्हणाल्या. "माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे. आवाज नाही."

"मग दोन्ही थर वाचा की. माझी काय हरकत असणार?"

मातेओने खाली बघितलं. "तिथेच अडचण आहे. वरचा थर वाचायचा तर यंत्राच्या किरणाची उष्णता खालपर्यंत जाते, आणि इतक्या जुन्या रंगातले कण हलतात. खालचा वाचायचा तर वरचा उतरवून टाकावा लागतो. या भिंतीतून एकच दिवस मिळेल."

मग अर्लीनबाई उठल्या. "भिंत तुमची, बायको तुमची. मी भांडायला आलेली नाही. तुमच्या जागी असते तर मी आपलाच थर वाचला असता." चहा न घेताच त्या गेल्या.

अच्युतरावांना त्या बाईचा राग आला. गळ्यात पडली असती, रडली असती, तर नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. आठवडाभर ते त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसत होते. आपलाच थर वाचायचा, असं रोज सकाळी ठरे आणि दिवे लागेपर्यंत ढासळे. शेवटी त्यांनीच अर्लीनबाईंना फोन लावला.

"या तुम्ही मातेओला घेऊन. खालचा वाचू."

पलीकडून प्रश्न आला, "का?"

"माझ्याकडे विचारायला अख्खा संसार होता," अच्युतराव म्हणाले. "मी विचारलं नाही. तुम्हाला विचारताच आलं नसतं."

थर उतरवायला सुरुवात झाली तेव्हा मातेओने त्यांना दुसऱ्या खोलीत बसायला सुचवलं. ते हलले नाहीत. यंत्राच्या पात्याखालून निळे पापुद्रे सुटून जमिनीवर पडू लागले, आणि अच्युतरावांना ओरडून थांबवावंसं वाटलं. तिचा एक दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तोंड मिटून घेतलं.

मग खालचा पिवळट थर बोलू लागला.

आधी नुसती खरखर, मग रंगाच्या ब्रशचा सपसप आवाज. एक पुरुष गुणगुणत होता. रेडिओवर गाणं चालू होतं, ते मध्येच तुटलं आणि निवेदकाचा आवाज आला. शब्द नीट लागत नव्हते, पण मेम्फिस एवढं कळलं. गुणगुणणं थांबलं. ब्रशही थांबला. कितीतरी वेळ भिंतीत काहीच नव्हतं. मग दार वाजलं, कोणी तरी घाईने म्हणालं, "क्लेटन, चल बाहेर. सगळे जमलेत."

"तुम्ही व्हा पुढे. घरी लेक एकटी आहे."

दार लागलं. बाळ कुरकुरलं. पुन्हा सपसप सुरू झाली, पण आता फार हळू. आणि मग तो आवाज अगदी जवळ आला, भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा.

"रडू नको गं माझी बाय. आज काय झालं ते तुला आत्ता नाही कळायचं. तू मोठी झालीस की मी सांगेन तुला. सगळं सांगेन."

अर्लीनबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. सत्तर वर्षांची ती बाई पाळण्यातल्या पोरीसारखी हुंदके देऊन रडली. अच्युतरावांना काय करावं सुचेना. ते उठले, चहाचं आधण ठेवलं, आणि स्वयंपाकघरात उभे राहून स्वतःही रडले. कोणासाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शनिवारी अर्लीनबाई निळ्या रंगाचा डबा आणि दोन रोलर घेऊन दारात हजर झाल्या. "भिंत उघडीबोडकी ठेवून गेले, मला झोप लागेना," म्हणाल्या. दोघांनी मिळून रंगवायला घेतलं. तुळशीची कुंडी मध्ये खोलीत सरकवून ठेवली होती. रिवाजाप्रमाणे दोघंही गप्प होती. बाहेर अंधारून आलं तेव्हा शेवटचा कोपरा पुरा झाला.

अर्लीनबाई हात पुसत मागे सरल्या. अच्युतराव मात्र भिंतीपाशीच उभे राहिले. घसा खाकरला. तुळशीशी बोलणं त्यांना तीन वर्षांत जमलं नव्हतं, आणि आता भिंतीशी बोलायचं म्हणजे वेडेपणाच होता. तरी ते वाकले आणि मराठीत, हळू आवाजात बोलले.

"शरयू, तुला इथे करमलं का गं?"

भिंत काही बोलली नाही. भिंतीला फक्त ऐकता येतं.

"काय म्हणालात त्यांना?" अर्लीनबाईंनी कुजबुजत विचारलं.

"विचारलं की, एवढी वर्षं दिवसभर एकटीच असायचीस, बरं वाटत होतं का तुला या घरात."

अर्लीनबाईंनी मान हलवली. मग त्यांनी मध्ये सरकवलेल्या कुंडीकडे, एकाच खुर्चीच्या जेवणाच्या टेबलाकडे बघितलं, आणि भिंतीला ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात विचारलं,

"आणि तुम्हाला, मिस्टर पारसनीस?"

रंग अजून ओला होता.