फक्त तिसरं गाणं

शहागंजच्या गर्दीत, भर दुपारी, बानूला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ती चालता चालता थांबली. मागचा हातगाडीवाला ओरडला, कुणाची तरी पिशवी गुडघ्यावर आदळली, तरी ती जागची हलेना. हातात जत्रेत विकायच्या सीडींसाठी घेतलेल्या कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि समोरच्या मोबाईलच्या दुकानात तिचंच गाणं! ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी होती. दोन हजार दहा साल ते. अशी दुकानं तेव्हा गल्लोगल्ली उगवली होती.

गाणं संपलं आणि त्यामागे भलत्याच कुणाचं तरी सुरू झालं. बानूचं डोकंच फिरलं. ती तडक पायऱ्या चढून काउंटरपाशी गेली.

“पुढचं लावा.”

“कुठलं पुढचं?” आतला तरुण एका उघड्या मोबाईलवर वाकला होता. त्याने मानही वर केली नाही.

“आत्ता वाजलं ना, त्याच्या पुढचं. चौथं.”

“चौथं कोण ऐकतंय? हळदीत नाचायला तिसरंच लागतं. बानू म्हणून कुणी पोरगी हाय पैठणकडची. लई गोड आवाज. भरून देऊ?”

“ती पोरगी मीच.”

आता मात्र त्याने वर पाहिलं. आणि इतका वेळ पाहतच राहिला, की हातातला बारीक स्क्रू कुठे पडला ते नंतर दोघांना मिळून शोधावं लागलं.

त्याचं नाव सूर्यभान. गाव करमाड. जत्रेत घेतलेल्या सीडीवरून गाणं उतरवलं, कुणाला विचारलं नाही, हे त्याने लगेच कबूल केलं. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे. “चुकलं माझं. तुमचा हिस्सा देतो.”

“हिस्सा राहू द्या. द्यायची तर सातही गाणी द्यायची, नायतर एकही नाय.”

त्याचं असं होतं, की सीडीवरची ती सात वेगळी गाणी नव्हतीच मुळी. बानूचे वडील मल्हारराव मेंढरं राखता राखता जी लांबलचक ओवी गायचे, तिचे ते सात तुकडे. नवरा मेंढरं घेऊन पुढे गेलेला, आणि त्याच्या मागावर एकटी निघालेली एक बाई. तिसऱ्या गाण्यात ती उजाड माळावर पोचते. पाय भाजतात म्हणून एक उचलते, एक टेकवते, आणि त्याचाच नाच करते. चाल अशी, की आजारी माणसानेही ताल धरावा. नदी, सावली आणि नवरा मात्र सातव्यात भेटतात.

“तिसऱ्यावर थांबलं की बाई उन्हातच राहती,” बानू म्हणाली. “आबांना ते खपत नाय.”

“ता…” त्याने ‘ताई’ हा शब्द घाईघाईने गिळला. “अहो, माणूस दुकानात गोष्ट न्यायला येत नाय. गाणं न्यायला येतो.”

“जेवायला बसलेल्याला नुसतं लोणचं वाढता का तुम्ही?”

“मागितलं तर वाढतो की. लोणच्याच्या नादानं भाकर पोटात जाती.”

बानू आणखीच चिडली. खरं तर मनातून ती घाबरली होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं: पुढच्या खेपेला असली नाचाची सुटी गाणी आणा, नाहीतर येऊ नका. मल्हारराव म्हणाले होते, मग राहू दे. आणखी दोन ओव्या फक्त त्यांनाच येत होत्या, आणि त्यांचा खोकला वर्षागणिक वाढत चालला होता. बानू नुसती झील धरायची, म्हणजे आबांची ओळ संपली की तिचं शेपूट उचलून गायची. त्या ओव्या तिला अर्ध्यामुर्ध्याच येत होत्या. मुद्रण झालं नाही तर आबांबरोबरच त्या जाणार होत्या, आणि समोरचा हा माणूस म्हणत होता तेच खरं असलं तर?

“बरं,” सूर्यभान म्हणाला. “महिनाभर सातही एकत्रच देतो. बघू.”

मग बानूची सोमवारची फेरी सुरू झाली. कधी पाकिटं संपलेली असायची, कधी संपल्याचं तिने ठरवलेलं असायचं. शेजारच्या गुऱ्हाळातून उसाचा रस यायचा, दोन पेले, एकात बर्फ नाही. तिला घशासाठी बर्फ चालत नाही, हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. सात गाणी एकत्र मात्र कुणी घेईना.

“काल एकजण आला होता,” सूर्यभान सांगायचा. “तिसरं मागितलं. म्हणलं, सात घ्यावी लागतील. म्हणाला, मीठ घ्यायला आलो तर दुकान गळ्यात बांधतो का?”

“मग?”

“गेला. बरोबरच होतं त्याचं.”

“तुम्ही कुणाच्या बाजूनं हाय?”

“तुमच्या,” तो म्हणाला. आणि मग घाईने, “…गाण्याच्या.”

चौथ्या सोमवारी ती जरा लवकर आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सहावं गाणं वाजत होतं आणि सूर्यभान डोळे मिटून, अगदी हलक्या आवाजात, झील धरत होता. तिची चाहूल लागताच तो गप्प झाला.

“दुपारी कुणी नसलं की लावतो,” तो खाली बघत म्हणाला. “तुम्ही सांगितल्यापासून… बाई उन्हात राहिलेली बरी वाटत नाय. माझ्या आज्यानंही मेंढरं राखली हो.”

 परतीच्या एसटीत खिडकीशी बसून बानूने स्वतःशी कबूल करून टाकलं, की आपलं मन या माणसावर जडलं आहे.

आणि त्याच आठवड्यात त्याने उद्योग केला! करमाडला त्याच्या चुलतभावाची हळद होती. मल्हारराव आणि बानूला आग्रहाचं बोलावणं होतं. दिवस कलताना मांडवात तिसरं गाणं सुरू झालं आणि पोरं, बाया सगळी नाचायला लागली. बानूने सूर्यभानकडे रागाने पाहिलं. गाणं संपलं… आणि मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता चौथं सुरू झालं. पठ्ठ्याने तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची गाणी एकमेकांना जोडून टाकली होती.

चौथ्याची चाल संथ. नाचणारे गोंधळून उभे राहिले. काही पोरं कुरकुरत पाणी प्यायला गेली. डीजेवाला गाणं बदलायला सरसावला, तशी नवरदेवाची मावशी द्वारकाबाई हळदीची वाटी हातात धरूनच म्हणाली, “थांब रे. ती बाई अजून चालायली. कुठं पोचती ते बघू दे.”

बाया सतरंजीवर टेकल्या. सगळे काही बसले नाहीत. पण जे बसले ते हलले नाहीत. सातव्यात नदी आली तेव्हा दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. मग द्वारकाबाईने विचारलं, “पण ही घरातून निघाली कशी? ते कुठंय?”

“पहिल्या दोनात,” सूर्यभान म्हणाला. “ती मुद्दाम ठेवली नाय. म्हणलं, कुणी मागतंय का बघावं. गाणारे इथंच बसलेत.”

सगळ्यांच्या नजरा मल्हाररावांकडे वळल्या. ते खोकले, फेटा सारखा केला आणि पहिली ओळ उचलली. बानूने झील धरली. पण ऐकणाऱ्या बायांकडे बघता बघता तिची ओळ निसटली… आणि ती मागून दुसऱ्या कुणीतरी अलगद उचलली. मल्हाररावांनी वळून सूर्यभानकडे पाहिलं. गाणं थांबवलं मात्र नाही.

परतताना ते बानूला म्हणाले, “तिसरं सुटं देऊ दे त्याला. ऐकून माणूस बाकीचं मागायला आला पायजे, असं गावं, एवढंच आपल्या हातात. मागं लागणं नाय.” आणि एसटीत बसल्यावर, “रेकॉर्ड करायच्या राहिलेल्या त्या दोन ओव्या बी घ्यायच्या. झील धरायला दोघं असली तर माझा दम पुरंल.”

सोमवारी बानूने तो निरोप शहागंजला पोचवला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही सुटी गाणीच हवी होती; त्या दोन ओव्या घ्यायला तो तयार झाला होता. सूर्यभानने ऐकून घेतलं, फडक्याने काउंटर पुसला, पुसलेला पुन्हा पुसला.

“म्हणजे गाणी आता एकेक द्यायची.”

“व्हय.”

“आणि… तुझ्याबद्दल काय?”

त्याने पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हटलं होतं. बानूच्या गालांवर ऊन चढलं. पण तिने नजर हलवली नाही.

“माझं तसं नाय. मला तुम्ही आवडता, लई आवडता. पण न्यायचं तर सगळंच न्यावं लागंल. आबांच्या खोकल्यासकट, अंगाला येणाऱ्या मेंढरांच्या वासासकट, आणि मी चिडते त्याच्यासकट.”

“ते चिडणं तर मी आधीच घेतलंय.”

बाहेर एक गिऱ्हाईक कार्ड घेऊन उभं होतं. “उद्या या, मालक,” सूर्यभान त्याला म्हणाला, आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढून, मल्हाररावांशी बोलायला, तिच्याबरोबर पैठणच्या एसटीत जाऊन बसला.