सुलटे तीन फेरे

गाडीत होकायंत्र बसवायचं तर सगळ्यात मोठा शत्रू गाडीच असते. दरवाजे, इंजिन, सीटखालच्या पट्ट्या, स्पीकरमधलं चुंबक, जो तो उत्तरेला आपल्याकडे ओढत असतो. मोजमापाची उपकरणं तपासायच्या खोलीत मी अकरा वर्षं काम करतोय, त्यामुळे हे मला नवीन नव्हतं. नखाएवढी चिप, छोटा पडदा, प्लास्टिकचा डबा आणि पितळी स्क्रू घेतले. होकायंत्राला लोखंडी स्क्रू लावणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. बाबांनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली, आणि गेल्या वर्षात ते दोनदा घरचा रस्ता चुकले. दुसऱ्या वेळी पेट्रोलपंपावरच्या माणसाने फोन केला. दादा भडकला. "पुन्हा चुकलात तर किल्ली काढून घेईन आणि गाडी विकेन," म्हणाला. बाबांनी जेवता जेवता दोनदा किल्लीचा खिसा चाचपला. मला ते बघवलं नाही. गाडी गेली की बाबा खुर्चीत बसणार, आणि एकदा बसले की उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी दादाकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

यंत्राला आधी गाडीच्या लोखंडाची ओळख करून द्यावी लागते. मोकळ्या जागेत गाडी हळू गोल फिरवायची. लोखंड गाडीबरोबर फिरतं, उत्तर फिरत नाही, आणि त्या फरकावरून चिप आकडे धरते. आमच्या खोलीत याला एक जुना रिवाज आहे: घड्याळाच्या काट्याप्रमाणे जितके सुलटे फेरे, तितकेच उलटे. का, ते कोणी सांगत नाही. आकड्यांना त्याची गरजही नाही. पण आमचे मोठे साहेब उलटे फेरे झाल्याशिवाय कागदावर सही करत नसत, आणि साहेब काही भोळेभाबडे नव्हते.

बंद कारखान्याच्या मैदानात बाबांनी स्वतः तीन सुलटे फेरे घेतले.

"आता उलटे तीन," मी म्हणालो.

"कशाला? पेट्रोल काय नळाला येतं?" बाबा म्हणाले. "आणि गुंडाळलेलं उलगडायला मी काय दोऱ्याचं रीळ आहे?"

मला हसू आलं. आकडे चोख जुळले होते. मी बटण दाबून ते कायमचे करून टाकले.

पडद्यावर फक्त उ, पू, द, प अशी अक्षरं येत. बाबांना समजावलं, "आपल्या गल्लीत शिरताना तोंड पूर्वेलाच असतं, कारण गल्ली पुढे भिंतीशी संपते. शेवटी पू दिसलं की घर आलं." बाबांनी मान डोलावली.

त्यानंतर ते रोज तीनला निघत, त्यांच्या बॅटरीवाल्या मित्राच्या दुकानात गप्पा मारत आणि पाचच्या ठोक्याला परत येत. तीन आठवडे एक दिवस चुकला नाही. दादा गप्प झाला. मी तर हवेतच होतो.

तिसरा आठवडा सरता सरता बारीकसारीक गोष्टी खटकायला लागल्या. एका संध्याकाळी बाबा दिव्याचं बटण दाराच्या डावीकडे चाचपत उभे राहिले. आमचं बटण पहिल्यापासून उजवीकडे आहे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मिशी कधी काढलीस रे?" मी जन्मात मिशी ठेवलेली नाही. वहिनी हसली, मीही हसलो. दादा हसला नाही.

"त्यांना घर सापडतं, पण घरातली माणसं कळेनाशी झालीत," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "पुरे झालं. या रविवारी गाडी विकायची."

त्या रात्री मला झोप कसली लागते! नुसता या कुशीवरून त्या कुशीवर. उजाडल्याबरोबर मी यंत्रातलं मेमरी कार्ड काढलं. चिप गाडीची दिशा दर सेकंदाला लिहून ठेवते. बाबा एकदाही चुकले नाहीत हे दादाच्या तोंडावर मारायचं, एवढाच माझा हेतू होता.

एकवीस दिवसांच्या नोंदीत एकच अक्षर होतं. उ.

जातानाही उ आणि येतानाही उ. आमच्या गल्लीतून बाहेर पडायला आधी पश्चिमेलाच तोंड करावं लागतं. दुकानापर्यंत पाच वळणं आहेत. पश्चिम कुठेच नव्हती. आणि रोज गेलेला माणूस रोज परत आला होता, पण दक्षिण एकदाही नव्हती.

यंत्र बिघडलं असतं तर मी सुटलो असतो. गाडीच्या लोखंडाचे आकडे वजा करून मी ते टेबलावर, कामावरून आणलेल्या होकायंत्राशी ताडून पाहिलं. अंशाचाही फरक नव्हता. कामावर सुट्टी टाकली आणि दुपारी तीनला मी बाबांच्या शेजारी जाऊन बसलो.

"आज तूही?" बाबा म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

गाडी फाटकातून निघाली. पडद्यावर उ. पहिल्या वळणाला बाबांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, मी दाराकडे कललो, औषधाचं दुकान सरकत मागे गेलं. पडद्यावर उ.

पडद्यावर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून मी उन्हाकडे बघायला लागलो. ऊन माझ्या डाव्या हातावर होतं. दुसरं वळण झालं, तिसरं झालं. पूल आला, शाळेची भिंत आली, सगळं ओळखीचं, सगळं क्रमाने. ऊन डाव्या हातावरून हललं नाही. आरशाची सावली माझ्या गुडघ्यावर होती, ती गुडघ्यावरच राहिली.

"बाबा, हा रस्ता कुठला?"

"नेहमीचाच."

"आपण दुकानाकडे चाललोय ना?"

"आज तू आहेस, तर थेट घरीच जाऊ," बाबा म्हणाले आणि चौकातून त्यांनी गाडी पूर्ण मागे वळवली.

ऊन डाव्या हातावरच.

आमची गल्ली आली. समोर भिंत. पडद्यावर उ.

वहिनीने दार उघडलं. मी चपला न काढताच स्वयंपाकघरात गेलो. आमची तिथली खिडकी उत्तरेला आहे. तिच्यात कधी ऊन येत नाही, कपडे वाळत नाहीत, म्हणून वहिनीची वर्षानुवर्षं कुरकुर चालते. आज खिडकीभर ऊन होतं. दोरीवरचा टॉवेल मी हातात घेतला. तो कडकडीत वाळला होता.

बाहेर दादाचा आवाज आला. "या बाबा. किल्ली नीट खिशात ठेवा, हरवेल."

"गाडी विकायची आहे ना रविवारी?" मी विचारलं.

"कोण म्हणालं?" दादा माझ्याकडे बघतच राहिला. "त्यांची गाडी आहे. चालवतील हवं तोवर."

महिनाभर मी हेच ऐकायला तरसलो होतो. पण हे माझा दादा कधीच म्हणाला नसता.

मी बाबांना हाताला धरून बाहेरच्या ओट्यावर आणलं.

"बाबा, चला. परत जाऊ."

"कुठे?"

"घरी."

बाबांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बस इथेच. मी बरीच घरं बघितली आता. परवाची माणसं नुसती ओरडायची. ही चांगली आहेत."

मला काय विचारायचंय ते मला कळत होतं, आणि विचारायचं नव्हतं.

"आणि मी?"

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात बाबांसारखाच होता, जड आणि उबदार.

"तूही चांगला आहेस," ते म्हणाले. "कालपासून बघतोय ना तुला."